साडेचार हजार क्लिक आणि तीन ऑर्डरी

दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. चार किलो द्राक्षं वाळवली की जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो, आणि व्यापारी भाव पाडून मागतो तेव्हा जीव तुटतो. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, नाशिकात थेट घरपोच विकायचा. शहरातल्या एका जाहिरातवाल्याने मोबाइल ॲपमध्ये जाहिरात द्यायला सुचवलं. दहा हजार रुपये, वर 18 टक्के जीएसटी.

पंधरा दिवसांनी त्याने अहवाल दाखवला. साडेचार हजार क्लिक, एका क्लिकला साधारण सव्वादोन रुपये. तो खूश होता. आमच्याकडे ऑर्डरी आल्या होत्या तीन.

त्याच आठवड्यात सिडकोत नणंदेकडे गेले होते. तिचा पाच वर्षांचा नातू फुगे फोडायचा गेम खेळत होता. मध्येच पडदाभर आमचा बेदाणा आला, मीच काढलेला फोटो. जाहिरात घालवायला त्याने कोपऱ्यातल्या फुलीवर बोट मारलं, पण फुली तांदळाच्या दाण्याएवढी, बोट पडलं जाहिरातीवर. आमचं पान उघडतंय तोवर पोरगं बॅक दाबून फुग्यांकडे परत गेलं. आमच्या खात्यातले सव्वादोन रुपये गेले. लेकराची त्यात काय चूक? पण साडेचार हजारांचा अर्थ मला तिथेच कळला.

मग जाहिरातवाल्याकडे जाहिरातीच्या खात्याचा पासवर्ड मागितला. तो मिळवायलाच चार दिवस गेले. खातं पहिल्यापासून आपल्याच नावावर काढावं. जाहिरात कुठल्या ॲपमध्ये दिसली याची यादी आत असते. आमच्या यादीत वरपासून खालपर्यंत लहान मुलांचे गेम आणि टॉर्चची ॲप. शिवाय जाहिरात कुठल्या भागात दाखवायची त्या सेटिंगमध्ये नाशिकमध्ये असलेल्यांबरोबर नाशिकबद्दल माहिती शोधणारेही धरले होते. त्र्यंबकेश्वरला यायचं म्हणून दुसऱ्या राज्यात बसून शोधणाऱ्यालाही आमची जाहिरात जात होती, आणि आम्ही पोहोचवतो सातपूर ते नाशिकरोड एवढंच.

गेम सगळे वगळले. फक्त शहरात असलेली माणसं ठेवली. दिवसाला दीडशे रुपयांची मर्यादा घातली आणि क्लिक केल्यावर थेट व्हॉट्सॲप उघडेल असं केलं. दिवसाचे तीनशे क्लिक चाळिसावर आले, एकेक पावणेचार रुपयांना पडू लागला. जाहिरातवाल्याचा फोन आला, "ताई, क्लिक फार कमी झालेत, पहिल्यासारखं करू का?" मी म्हटलं, राहू द्या.

अहवालावर मी विसंबले नाही. आयफोनवर 2021 पासून ॲपला वापरणाऱ्याचा माग ठेवण्याआधी त्याची परवानगी विचारावी लागते, बरेच जण ती देत नाहीत, मग कुठल्या जाहिरातीवरून खरेदी झाली ते नीट कळत नाही. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच विचारायचे, "आमचं नाव कुठे पाहिलंत?" आणि वहीत लिहायचे. महिन्यात जाहिरातीवरून बावीस ऑर्डरी आल्या, बऱ्याचशा पाककृतींच्या ॲपमधून. खर्च साडेचार हजार, म्हणजे ऑर्डरीमागे दोनशेच्या वर. व्यापाऱ्यापेक्षा किलोला दीडशे जास्त सुटतात, तेव्हा एक किलोच्या पहिल्या ऑर्डरीत जाहिरातीचा पैसा निघत नाही. हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर त्या बाविसांतल्या नऊ जणांनी परत मागवला, तेही दोन-दोन किलो. तेव्हा जाहिरात बंद होती.