डोमकळी

आज कामगंध सापळे (गुलाबी बोंडअळीचे पतंग वासानं ओढून पकडणारे) मोजायला आमच्याच कपाशीच्या वावरात गेले. कीटकशास्त्रात वर्गात पहिली आले, हे बाबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय. त्यामुळे शेजारचे काकाजी आधीच धुऱ्यावर हजर.

"एका सापळ्यात 8 पतंग, सलग 3 रात्री आले की फवारणी. नाहीतर 10 टक्के फुलं-बोंडं किडली तर." मी घडाघडा म्हटलं. परीक्षेत याच उत्तराला पैकीच्या पैकी मिळाले होते.

काकाजींनी पऱ्हाटीचं एक मिटलेलं फूल तोडून उलगडलं. आत बारकुली अळी, अजून पांढुरकीच.

"हे पाय डोमकळी. तू सापळेच मोजत बस."

डोमकळीचं चित्र मी जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलनं काढलंय (सरांनी वर्गात दाखवलं होतं, हो!). आज तिच्यासमोरून दोनदा गेले, दिसली नाही.

मग म्हटलं, काकाजी, गुलाबी बोंडअळी आतून धाग्यानं पाकळ्या शिवते, म्हणून हे फूल उमलत नाही.

"शिवते म्हंते!" त्यांना लई आवडलं. घरी जाऊन काकूलेही सांगितलं म्हणे.

दोघांनी मिळून 100 फुलं पाहिली. 7 डोमकळ्या निघाल्या. 5 त्यांना सापडल्या, 2 मला.