तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉप उघडला तर वॉरंटी जाते का?

‘रॅम वाढवायला मागचं झाकण उघडलं, तर वॉरंटी जाते का?’ उत्तर सगळ्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असतं. ते तसं देता येत नाही.

काही लॅपटॉपच्या स्क्रूवर ‘फाटला तर वॉरंटी रद्द’ असा स्टिकर असतो. पण स्टिकर फाटल्याने कीबोर्ड बिघडत नाही. उघडण्यामुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवावं, नाहीतर फुकट दुरुस्त करून द्यावं, हे माझं ठाम मत. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयक कायद्याच्या आधारे फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये अशा स्टिकरवरून कंपन्यांना ताकीद दिली. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सेवेतली कमतरता यांवर दाद मागता येते, स्टिकरचा मात्र उल्लेख नाही. कायदा आपल्याच बाजूचा, असं मीही सांगत आलोय. तेवढ्याने सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर भागत नाही.

कारण प्रकरण बिघडतं तिथेच. जॉबशीटवर, म्हणजे लॅपटॉप दुरुस्तीला घेताना भरतात त्या कागदावर, ‘सीआयडी’, म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान, असा शेरा पडतो. तुम्ही घाईत सही करता आणि पुढे तोच कागद तुम्हाला दाखवला जातो. आधी शीट वाचा. पटत नसेल तर सहीशेजारी लिहा: ‘झाकण उघडून रॅम बदलली. तक्रार कीबोर्डची. नुकसानीचा शेरा मान्य नाही.’ फोटो काढा. लिहू देत नसतील तर हाच मजकूर सिरियल नंबर आणि जॉब नंबरासकट तिथूनच कंपनीला ईमेल करा आणि नकाराचं कारण लेखी मागा. ‘उघडलाच नाही’ असं मात्र सांगू नका. एक खोटं पकडलं गेलं की बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.

उघडताना नुकसान होतं, हेही खरं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वीज चालू असताना रॅम ओढली तर शॉर्ट होऊ शकतो. स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वरचं कव्हर फुगतं, नाहीतर बोर्डाला इजा होते. कागदावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू जिथला तिथे टेपने चिकटवा. असं नुकसान तुमच्याच हातून झालं तर ते कंपनीच्या माथी मारू नका.

तरीही नकारच आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तोडगा निघाला नाही तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून तोवर ती दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नका. रोजच्या कामाचा लॅपटॉप तोवर नुसता ठेवणं किती जणांना परवडेल, याचं उत्तर माझ्याकडे नाही.