आमची वाटचाल : बीबीसी मायक्रोच्या सप्लायपर्यंत

आमच्या दुकानाची सुरुवात टीव्ही आणि यूपीएसच्या दुरुस्तीने झाली. पुढे संगणकांचे एसएमपीएस (मेन्सची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणारे पॉवर सप्लाय) येऊ लागले, पण नवा एसएमपीएस स्वस्त झाल्यावर ते काम आटलं. टिकून राहिले ते १९८०च्या दशकातले संगणक, ज्यांत बाजारातला नवा सप्लाय सरळ बसत नाही. बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक त्यांतला आमचा खास जिव्हाळ्याचा. १९८४च्या सुमारास ‘क्लास’ या शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पातून भारतातल्या शाळांना हीच यंत्रं मिळाली होती.

असं यंत्र हाती आलं की लोक आधी ‘चालू होतंय का बघू’ म्हणून प्लग लावतात. कृपया लावू नका. मेन्स, म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज, सप्लायमध्ये जिथे आत येते तिथे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, पिवळट पारदर्शक आवरणाचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. आत धातूचा थर दिलेला कागद असतो. वर्षानुवर्षं आवरणाला बारीक भेगा पडतात, पावसाळी दमट हवा आत शिरते, इन्सुलेशन खचतं आणि २३० व्होल्ट मिळताच खोलीभर धूर होतो. गंमत म्हणजे संगणक तेव्हाही बहुधा चालूच असतो, कारण हे कपॅसिटर फक्त मेन्सवरचा गोंगाट दाबण्यासाठी आहेत. ते आम्ही न तपासता बदलतो: एक्स-२ वर्गाचे (थेट मेन्सवर लावण्यासाठीचे), २७५ व्होल्ट एसीचे, पॉलिप्रॉपिलीनचे. घेण्याआधी पायांमधलं अंतर मोजा. नव्यांचं अंतर बरेचदा कमी असतं.

सप्लायचा डबा उघडल्यावर पहिलं काम डिस्चार्जचं, म्हणजे साठलेली वीज काढून टाकण्याचं. मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद धरायचा आणि व्होल्टेज ५च्या खाली आलं हे मीटरवर पाहायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे कारागीर आहेत. आमच्याकडे ती पद्धत बंद आहे.

फ्यूज बरंच सांगतो. काच काळी पडली असेल तर पुढे शॉर्ट आहे: ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड आणि स्विचिंग ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड मोडवर तपासा. दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर तो भाग गेला. जास्त अँपिअरचा फ्यूज घालून नशीब आजमावू नका.

मग सीरिज लॅम्प, म्हणजे मेन्स आणि सप्लायच्या मध्ये जोडलेला बल्ब, ६० वॉटचा फिलामेंटचाच. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर प्रायमरीला, म्हणजे सप्लायच्या मेन्सकडच्या बाजूला, शॉर्ट आहे. या चाचणीत मदरबोर्ड जोडायचा नाही, पण सप्लाय मोकळाही ठेवायचा नाही, कारण लोडशिवाय त्याचं नियमन भरवशाचं नसतं. ५ व्होल्टवर २.२ ओहम, २५ वॉटचा रेझिस्टर लावला की सव्वादोन अँपिअर मिळतात. तो चांगलाच तापतो, लाकडी टेबलावर ठेवू नका.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती ‘टिक-टिक’. सप्लाय उठतो, बसतो, पुन्हा उठतो. मदरबोर्ड काढून लोडवर लावल्यावर ती थांबली तर दोष बोर्डात. चालूच राहिली तर आधी आउटपुटचे डायोड शॉर्ट आहेत का पाहा, मग प्रायमरीकडचा २२० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा लहान इलेक्ट्रोलिटिक. तो सुकलेला असतो, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढलेला असतो. जागी १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणाराच घाला. सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याच्या आम्ही विरोधात आहोत. जुन्या पीसीबीचे (सर्किट बोर्डचे) पॅड, म्हणजे पार्ट डाखायच्या तांब्याच्या जागा, दरवेळी उखडायचा धोका असतो.

शेवटी मदरबोर्डवर मोजमाप. तीन लाल तारा ५ व्होल्टच्या, तीन काळ्या शून्याच्या, जांभळी उणे ५ची. बोर्डवर ४.७५च्या खाली गेलं की यंत्र मध्येच अडकतं, आणि कारण अनेकदा सप्लाय नसून काळवंडलेले स्पेड कनेक्टर (तारांच्या टोकाच्या चपट्या पिना) असतात. रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. प्रायमरी बाजूला ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड क्लिप लावायची नाही, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सपासून वेगळं करणारा) असल्याशिवाय तर नाहीच.

पार्ट आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतो आणि प्रत्येक कपॅसिटर बसवण्याआधी मीटरवर तपासतो, कारण नव्या छापाखाली जुना माल मिळतो. ग्राहकाला यंत्रासोबत काढलेले पार्ट आणि लोडवरचे व्होल्टेज लिहिलेला कागद देतो, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.