एरिसला पत्रिका गेली नव्हती म्हणे

लग्नपत्रिकेतून एखादं नाव चुकून राहतं यावर माझा विश्वास नाही. नागपूरच्या इतवारीत आमचं पत्रिका छापायचं दुकान आहे, तिथे प्रूफ तपासायचं काम लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्याकडे आहे. निमंत्रकांच्या यादीतून एखादे काका किंवा मोठी आत्या गळाली की ती का गळाली, हे काउंटरवरच कळतं. मुलीचे वडील प्रूफ हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात, यादीवरून बोट फिरवत एका नावावर थांबतात आणि बायकोकडे पाहतात. बायको तोवर शोकेसमधल्या गणपतीच्या पत्रिका बघण्यात गुंगलेली असते. ‘हे नाव राहू देऊ काय?’ ‘तुमच्या मनानं करा, मले काऊन विचारता?’ एवढं बोलणं झालं की मी पेन्सिल उचलते. पुढे मांडवात रुसवेफुगवे झाले की हीच मंडळी सांगत सुटतात, प्रेसवाल्यानं घोळ केला!

चातुर्मासात आमचा धंदा थंड. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. गणेश मंडळांची पावतीपुस्तकं आणि बिलबुकं तेवढी निघतात. दुपारी समोरच्या दुकानाचं शटरही अर्धं खाली असतं. त्या दिवसांत मी वाचते, आणि यंदा ग्रीकांचं पुराण घेऊन बसले होते.

ट्रॉयच्या युद्धाचं मूळ सगळ्यांना अर्धमुर्धं ठाऊक असतं. थेटिस ही समुद्रकन्या, पेलेउस हा फ्थियाचा राजा, साधा मर्त्य माणूस. लग्न पेलिऑन डोंगरावर. झाडून सगळे देव जमलेले, फक्त भांडणाची देवी एरिस, तिला बोलावणं नाही. ती आगंतुक आली आणि वर आहेरही घेऊन आली (‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ तेव्हा नसावी). आहेर काय, तर सोन्याचं सफरचंद, सर्वांत सुंदर असेल तिच्यासाठी. हेरा, अथीना आणि अफ्रोडाइटी, तिघींनी हात पुढे केला. देवांचा राजा झ्यूस, त्याने हे लचांड पॅरिसच्या गळ्यात अडकवलं. पॅरिस ट्रॉयचा राजपुत्र. पण तो पोटात असताना त्याच्या आईला आपण जळती मशाल प्रसवतोय असं स्वप्न पडलं, म्हणून जन्मतःच डोंगरात टाकून दिलेला, गुराख्याकडे वाढलेला. हेराने त्याला राज्य देऊ केलं, अथीनाने युद्धात जय, अफ्रोडाइटीने जगातली सर्वांत देखणी बाई. त्याने बाई घेतली. ती हेलन, स्पार्टाचा राजा मेनेलॉस याची बायको. पुढे हजारावर जहाजं, दहा वर्षांचा वेढा आणि राख.

एक पत्रिका चुकली आणि शहर जळालं, असं म्हणून लोक इथे हसतात. मला मात्र यजमानाकडे बघावंसं वाटलं. यादी केली कोणी?

इलियड म्हणजे या युद्धावरचं होमरचं महाकाव्य; त्यात हे लग्न आहे, तीन देवींचा निवाडाही शेवटच्या सर्गात दोन-चार ओळींत येऊन जातो, सफरचंद मात्र कुठेच नाही. युद्धाची सुरुवात सांगणारं ‘किप्रिया’ नावाचं वेगळं महाकाव्य होतं. ते हरवलं. आज त्याचा सारांश आणि काही तुकडे उरलेत. त्या सारांशात एरिस जेवणावळ चालू असताना येते आणि तिघींत लावून देते. तिला बोलावलं नव्हतं असं तिथे म्हटलेलंच नाही. गाळलेलं नाव आणि सफरचंद ही पुढच्या काळातल्या कथाकारांकडे सापडतात. सारांश सुरू होतो तो वेगळ्याच गोष्टीने: झ्यूस थेमिस या न्यायाच्या देवीबरोबर मसलत करतोय की ट्रॉयचं युद्ध घडवून कसं आणायचं. म्हणजे मांडवाचे खांब रोवायच्या आधीच घरच्या कर्त्याने भांडण ठरवलेलं. एरिस आपल्या पायाने आली की तिला कोणी आण म्हणून सांगितलं, हे तुम्हीच ठरवा.

आणि लग्न तरी कसलं? थेटिस मुळात झ्यूसला स्वतःलाच हवी होती, पोसायडनलाही. दोघं भाऊ इरेला पेटले असताना भाकीत झालं की हिला जो मुलगा होईल तो बापापेक्षा वरचढ निघेल. हे भाकीत पिंडार नावाचा कवी थेमिसच्याच तोंडी घालतो. झ्यूसने स्वतः बापाला पदच्युत करून गादी घेतलेली, त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. दोघांचंही प्रेम एका क्षणात आटलं आणि पोरगी एका माणसाला देऊन टाकायचं ठरलं. माणसापेक्षा वरचढ मुलगा झाला तर होऊ दे, तो मरेल तरी. तिला विचारलं कोणी? पेलेउस धरायला गेला तेव्हा ती आग झाली, पाणी झाली, सिंह झाली, साप झाली. त्याला एकच सांगून ठेवलं होतं, काही झालं तरी हात सोडायचा नाही. ती थकली तेव्हा लग्न झालं.

अशा लग्नाला सगळे नटूनथटून आले. किरॉन या अश्वमानवाने भाला दिला, पोसायडनने अमर घोडे दिले. हाच पोसायडन आधी नवरीवर डोळा ठेवून होता, हे लक्षात असू द्या. अपोलो वीणा घेऊन बसला होता. त्याने पुढे ट्रॉयची बाजू घेतली तेव्हा हेराने त्याला भर सभेत त्याच जेवणावळीची आठवण करून दिली.

या वरातीचं एक चित्र आहे, त्यात माझे कितीतरी तास गेले. इ.स.पू. ५७० च्या सुमाराचं मातीचं मोठं भांडं, ६६ सेंटीमीटर उंच, दारूत पाणी मिसळायचं. घडवलं एर्गोटिमोसने, रंगवलं क्लेइटियासने. दोघांनी त्यावर सह्याच करून ठेवल्यात. १८४४ मध्ये इटलीतल्या किउझी गावाजवळ फ्रांस्वा नावाच्या माणसाला ते सापडलं, आता फ्लोरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. १९०० मध्ये तिथल्याच एका रखवालदाराने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकून मारलं आणि भांड्याचे ६३८ तुकडे झाले. भांडणाच्या देवीला इतकी शतकं वाट पाहावी लागली असेल, पण पोचली शेवटी. तुकडे जोडून ते पुन्हा उभं केलं आहे.

मी मोबाइलवर ते चित्र प्रूफ तपासतात तसं मोठं करकरून पाहिलं. पेलेउस घरासमोर उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करतोय, किरॉन सर्वांत पुढे येऊन त्याचा हात धरतोय. मागे दार अर्धवट उघडं, आत थेटिस पदर धरून बसलेली. देवांच्या जोड्या रथांतून येताहेत. डायोनिसस खांद्यावर दारूचा घडा घेऊन वळून थेट आपल्याकडे बघतो. अख्ख्या भांड्यावर मिळून २७० आकृत्या आहेत आणि १२१ ठिकाणी नावं लिहिली आहेत. नावं लिहायचा सोस या क्लेइटियासला इतका की दुसऱ्या एका प्रसंगात जमिनीवर पडलेल्या घागरीशेजारी ‘घागर’ आणि पाणवठ्याशेजारी ‘पाणवठा’ असंही लिहून ठेवलंय! तो प्रसंग वरातीच्या खालच्या पट्ट्यात आहे. थेटिस-पेलेउसचा मुलगा अकिलीस ट्रॉयच्या एका कोवळ्या राजपुत्राच्या पाठीमागे धावतोय, मारायला. भांड्याच्या दोन्ही कानांवर त्याच अकिलीसचं प्रेत वाहून नेणारा एजॅक्स. पाहुण्यांनी दारूसाठी पेला पुढे करायचा आणि समोर हे.

झ्यूसला युद्ध हवं तरी कशाला होतं? इथे मी वाचता वाचता थांबले, कारण पुढचं मला पाठ होतं. किप्रियाच्या उरलेल्या ओळींत आहे की पृथ्वीवर माणसं फार झाली, तिला भार सोसवेना, झ्यूसला तिची दया आली आणि तो हलका करण्यासाठी त्याने ट्रॉयचं युद्ध पेटवलं. नागपूरच्याच महाल भागात लहानपणी आजीबरोबर पुराणाला बसायचे, तिथे आदिपर्वात हेच ऐकलेलं. भूमी ब्रह्मदेवाकडे जाते, भार उतरवा म्हणते, आणि देव अंशाअंशाने खाली येतात. आपल्याकडे भूभारहरण म्हटलं की बुवा पुढे सरकायचे, आम्हीही हात जोडायचो. भार म्हणजे माणसं, हे तेव्हा डोक्यात शिरत नसे.

ग्रीकांकडे या गोष्टीला एक पुरवणी आहे, तीही इलियडच्या जुन्या टीकाकारांनी जपलेली. झ्यूस म्हणाला, विजा पाडतो नाही तर पूर आणतो, एका झटक्यात साफ. तेव्हा मोमस पुढे आला. मोमस म्हणजे उणीदुणी काढण्याचा देव. असा एक मामाजी प्रत्येक लग्नघरात असतो. तो म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, दोन कामं करा: थेटिसचं लग्न माणसाशी लावा आणि स्वतः एक सुंदर मुलगी जन्माला घाला. पहिल्यातून अकिलीस आला. दुसऱ्यातून हेलन. बाकी सारं या दोघांनी आपापल्या जागी उभं राहण्यापुरतं होतं.

हेलन मोठी झाली तेव्हा तिच्यासाठी साऱ्या ग्रीसमधून राजे स्पार्टात येऊन बसले. टिंडारेउस, म्हणजे तिचा इथला बाप, घाबरून गेला. एकाला दिली तर बाकीचे मुडदे पाडतील. ओडिसियसने तोड काढली: निवड होण्याआधीच सगळ्यांनी शपथ घ्यायची की जो नवरा ठरेल त्याच्यावर या लग्नापायी अन्याय झाला तर सगळे धावून येतील. घोडा कापून त्याच्या तुकड्यांवर उभं राहून शपथ झाली. ओडिसियसला या सल्ल्याबद्दल पेनेलोपी बायको म्हणून मिळाली. जहाजांचा हिशेब या शपथेत आहे, हेलनच्या चेहऱ्यात नाही. अजून एक: स्टेसिकोरस नावाचा कवी सांगतो, टिंडारेउस सर्व देवांना बळी देताना एकट्या अफ्रोडाइटीला विसरला, म्हणून तिने त्याच्या मुलींना दोन-दोन, तीन-तीन नवऱ्यांच्या केलं. विसरला! मुलीच्या लग्नाचा घोर लागलेल्या बापाने प्रेमाच्या देवीलाच वगळलं, तर मला तरी ते सरळ हिशेबाचं वाटतं.

मेनेलॉसबद्दल थोडक्यात. पॅरिस त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरला, आणि मेनेलॉस आजोबांच्या अंत्यविधीला क्रीटला निघून गेला. यजमानाच्या घरातली वस्तू पाहुण्याने उचलली, हा खरा गुन्हा, आणि अतिथीधर्म राखणारा देव कोण, तर झ्यूसच.

तरी दोष हेलनचाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागातून मारबत निघते, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लाखावर माणसं रस्त्यावर असतात; दुकान उघडायचं नावच नाही. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई भोसले, असं जुने लोक सांगतात. सीताबर्डीची लढाई १८१७ ची. एकीकडे अप्पासाहेब भोसले आणि त्यांचे अरब शिपाई, दुसरीकडे इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स; राज्य कोणाकोणाच्या निर्णयांनी गेलं याची यादी करायला बसलं तर पान पुरणार नाही. मिरवणुकीतले बडगे, म्हणजे दुसरे पुतळे, पुरुषांचे असतात, कबूल, पण ते दरवर्षी बदलतात, ज्याची त्या साली चीड असेल त्याचे. बाकाबाई कायम. हेलनचंही तेच झालंय, फक्त तिला इलियडमध्ये एक भला सासरा भेटला. पॅरिसचा बाप प्रायम म्हातारा तटावर बसलाय, या युद्धात त्याची पोरं मरताहेत, आणि तो तिला ये बाळा म्हणून शेजारी बोलावतो आणि सांगतो की मी तुला दोष देत नाही, मी देवांना देतो. ज्याला सर्वांत जास्त बोलायचा हक्क होता तो हे बोलला. पुढच्या लोकांना काय धाड भरली होती?

युद्धाला निघतानाही एक लग्न आहे. औलिसच्या बंदरात जहाजं अडकली, वारा नाही. आर्टेमिस देवी रागावलेली, तिला सेनापती अ‍ॅगमेम्नॉनच्या मुलीचा बळी हवा. मुलगी इफिजेनिया आई क्लायटेम्नेस्ट्राजवळ घरी. बापाने घरी पत्र पाठवलं: पोरीला घेऊन ये, अकिलीसशी लग्न ठरवलंय. मग त्याचं मन खाऊ लागलं, त्याने दुसरं पत्र लिहिलं, आणू नको. ते दुसरं पत्र मेनेलॉसने वाटेतच हिसकावलं. युरिपिडीसच्या नाटकात हे सगळं आहे, आणि त्यात एक प्रसंग असा की हसावं की रडावं कळत नाही. क्लायटेम्नेस्ट्रा मुलीला सजवून छावणीत पोचते, अकिलीस समोर दिसतो, ती जावई समजून हात पुढे करते, आणि तो संकोचून मागे सरकतो. नवरदेव म्हणून आपलं नाव वापरलंय याची त्याला खबरच नाही. पेलेउस आणि थेटिसचा मुलगा तो. त्याच्या नावावरही लग्नाचं खोटं बोलावणं निघालं.

काही जण सांगतात की ऐन वेळी आर्टेमिसने मुलीला उचलून नेलं आणि वेदीवर हरीण ठेवलं. क्लायटेम्नेस्ट्राला काही ते पटलं नाही. दहा वर्षांनी नवरा ट्रॉय जिंकून आला, तेव्हा तिने त्याच्या पायाखाली जांभळ्या पायघड्या घातल्या आणि त्याला न्हाणीत मारला.