उजनी मायनसमध्ये गेली की

एप्रिल संपत आला की सोलापूरकडच्या पेपरात रोज छोटी चौकट येते, उजनी धरण आज इतके टक्के, आणि मग एका सकाळी त्या आकड्याच्या आधी वजाबाकीची रेघ लागलेली असते. पुण्याच्या ऑफिसात हे सांगितलं तर लोक हसतात, शून्याच्या खाली धरण जातं म्हणजे काय पाणी उधार आणता का? तसं नाही हो. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी मृत साठा म्हणून तळाला राखून धरलेलं आहे, आणि टक्के मोजतात ते फक्त त्याच्या वरच्या ५३-५४ टीएमसीचे, म्हणजे शून्य टक्के झालं तरी मृत साठा अजून धरणात आहेच. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९ टीएमसी होतात, आणि उजनी मायनस पन्नासला गेली तरी पोटात ३६ उरतात. त्यामुळे पेपरवाल्यांचा सूर सुतकी असला तरी गळ टाकणाऱ्या माणसाने तो फार मनावर घेऊ नये. शेतकऱ्याला त्रास होतो तो खराच, मोटारी रोज पुढं सरकवायच्या, पाईप जोडत जायचं, चाऱ्या खणायच्या, पण आमच्यासारख्या गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा खरा सीझन नेमका तेव्हाच चालू होतो.

कारण सरळ आहे. पावसाळ्यानंतर भरलेली उजनी म्हणजे नुसतं पाणी, या काठावरून पलीकडचा काठ पुसट दिसतो, मासा कुठं असेल याचा अंदाज बांधायला हाताशी काहीच नसतं. मे महिन्यात पाणी हटलं की खालचं सगळं वर यायला लागतं. बांध येतात, विहिरींची तोंडं येतात, पळसदेवचं जुनं देऊळ येतं, कुगावकडं इनामदारांचा वाडा दिसायला लागतो, आणि या सगळ्यावरून कळतं की जुनी भीमा कुठून वाहत होती. पाणी कमी झालं की मासा त्या जुन्या पात्राकडं सरकतो, तिथं खोल आहे, गार आहे, आणि अंगाला ऊन लागत नाही. पण खायला मात्र तो उथळ कडेला येतो. खोल आणि उथळ यांच्यामधला त्याचा जायचा-यायचा रस्ता सापडला पाहिजे, बाकीचं सामान ऑनलाईन मिळतं.

हा रस्ता मला तात्यांनी दाखवला. तात्या म्हणजे बायकोचे चुलते, करमाळ्याच्या बाजूचे, धरणात जमीन गेलेले. मी रॉड, रील, जपानी तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) असलं सगळं घेऊन उभा आणि तात्या हातात नुसती काठी घेऊन म्हणाले, "पाव्हणं, हितं कशाला बसताय, हितं आमचं जवारीचं रान हुतं, सगळं सपाट. त्या बाभळीच्या नाकासमोर चला, तिथं विहीर हाय." विहीर तेव्हा अजून उघडी पडली नव्हती, वर पुरुषभर पाणी होतं. पण गळ टाकला तर शिसं एका जागी दगडावर टकटक वाजलं आणि हातभर बाजूला तेच शिसं खाली खाली जातच राहिलं. त्या विहिरीच्या बांधणीत वांब राहते, सापासारखा लांबडा मासा. वांब दिवसा कपारीत असते, अंधार पडला की बाहेर निघते, तिला गांडूळ लागतं, जाड आणि जिवंत, आणि ओढ लागल्याबरोबर खेचावं लागतं नाहीतर ती परत दगडात शिरते आणि मग तंगूस तोडण्याशिवाय इलाज नाही. अशा जागी शिसं गळाच्या तंगुसापेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधायचं, अडकलं तर तेवढंच तुटतं आणि मासा येतो.

१९८० साली धरण पूर्ण झालं, म्हणजे ज्यांनी खालची जमीन स्वतः कसली ती माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. आम्ही पोरं मासा शोधायचं मशीन लावून स्क्रीनवर रंगीत ठिपके बघत बसतो आणि ही म्हातारी माणसं काठावर उभं राहून सांगतात की इथं चिंच होती, इथून बैलगाडीची वाट होती, इथं ओढा भीमेला मिळत होता. ओढा जिथं मिळतो तिथं मासा हमखास. मशीन वाईट आहे असं नाही, पण मशीनला ओढ्याचं नाव माहीत नसतं. काठावर चहा घेताना एखाद्या आजोबांना त्यांची जमीन कुठं होती एवढं विचारलं तर ते जे सांगतात ते ऐकून घ्यायला अख्खी सकाळ लागते, आणि गळ टाकायच्या जागाही त्यातच मिळून जातात. मात्र नुसत्या जागा विचारून निघून गेलेला पाहुणा कुणाला आवडत नाही, ते सगळं ऐकावं लागतं, मोबदला किती मिळाला आणि कधी मिळाला इथपर्यंत.

आता चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं. उजनीत सगळ्यात जास्त सापडते ती हीच, भिगवणच्या हॉटेलात ताटावर येते तीही बहुतेक हीच. मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आणली, आणि आता इतकी मुरली की तिला परकी म्हणायला कुणी तयार नाही. पाणी हटलेल्या गाळावर सकाळी चालत गेलात तर गोल गोल खड्डे दिसतात, एकाशेजारी एक, जेवणाची पंगत उठल्यावर पत्रावळी राहाव्यात तसे. कडा नीट उचललेल्या, आत गाळ साफ केलेला. ही नर चिलापीची घरं. नर तोंडानं आणि शेपटीनं खड्डा करतो, मादी येऊन अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन निघून जाते, पिल्लंसुद्धा तोंडातच वाढवते. पाणी रोज हटत असल्यामुळे कालची घरं आज कोरडी पडतात आणि बिचारा नर पुढं जाऊन परत नवीन खणतो. गळवाल्यासाठी याचा अर्थ असा की कोरड्या खड्ड्यांची रांग जिकडं जाते तिकडंच, अजून गुडघा-मांडीभर पाण्यात, चालू घरं आहेत. तिथं छोटा गळ, गांडुळाचा इंचभर तुकडा, आणि तरंगायला चिपाडाचा तुकडा पुरतो. नर भुकेनं नाही, रागानं धरतो. घरात काही पडलं की उचलून बाहेर टाकायला येतो आणि अडकतो. तोंडात पिल्लं असलेली मादी मात्र खात नाही, त्यामुळे ती गळाला सहसा लागत नाही आणि ते बरंच आहे.

पहाटे पाचला गळ पडलाच पाहिजे असा एक नियम सगळे सांगतात. मे महिन्यातल्या उजनीला तो पूर्ण लागू नाही असं माझं मत. या पाण्यात मुळा-मुठेतून पुण्याचं काय काय येतं ते सांगायला नको, उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, शेवाळाचा वास येतो. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ऑक्सिजन खातं, म्हणजे सगळ्यात कमी हवा पाण्यात असते ती नेमकी पहाटे. अशा वेळी मासा वर येऊन तोंड उघडबंद करत असतो, लोकांना वाटतं काय मासा आहे, पण तो खायच्या मनःस्थितीत नसतो. पाणी स्वच्छ असेल तिथं पहाट, हिरवं असेल तिथं ऊन वर येऊन वारा सुटेपर्यंत धीर धरायचा. पश्चिमेचा वारा लागला की लाटा पूर्वेच्या काठावर आपटतात, कड गढूळ होते, खायचं सगळं तिकडं गोळा होतं. वारा तोंडावर घेऊन बसायला त्रास होतो, टोपी उडते, पण मासा तिकडंच.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो, रोहू मधे आणि मृगळ तळाला, म्हणून गळ किती खोल सोडायचा हे आधी ठरवावं. शेंगपेंड आणि कणीक मळून गोळी करायची, थोडी पेंड आधीच फेकून मासा जमवायचा, बाकी ज्याचा त्याचा गुप्त मसाला असतो, कुणी हिंग घालतं, कुणी व्हॅनिला इसेन्स, मी त्या वादात पडत नाही. मेअखेरीला या तिन्ही माशांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, भरायला लागते, पावसाच्या नव्या पाण्याची वाट बघत असतात ते. पोट टम्म दिसलं की मी सोडून देतो, तात्यांना हे अजिबात पटत नाही, "धरायचा आन सोडायचा, मग धरला कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. पण खरं नुकसान गळानं होत नाही. वडाप नावाचं बारीक भोकांचं जाळं ओढतात, त्यात बोटभर पिल्लं पोत्यानं जातात, त्यावर बंदी आहे तरी ओढतात, आणि काठावरच्या भोई मंडळींचाच त्याला सगळ्यात जास्त विरोध असतो कारण पोट त्यांचं त्यावर आहे. बसण्याआधी त्यांना विचारून बसावं, परवानगीचं काय ते तिथंच कळतं आणि आज कुठं मासा चालू आहे हेही कळतं.

दोन गोष्टींना मात्र भ्यायचं. एक गाळ. वरून वाळलेला, भेगा पडलेला, दिसायला टणक, आणि पाय टाकला की मांडीपर्यंत आत. जनावरांच्या खुरांची वाट असेल तिथूनच पाण्याकडं उतरायचं, शॉर्टकट नको. दुसरा वळीव. दुपारी चारपर्यंत पानही हलत नाही आणि मग पश्चिमेला काळं होतं, दहा मिनिटांत एवढ्या लाटा उठतात की हे धरण आहे यावर विश्वास बसत नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. त्यामुळे ढग दिसला की कार्बन फायबरचा रॉड आधी खाली ठेवायचा, वीज त्यातून छान जाते, आणि होडीत असाल तर मोठ्या कटल्याची ओढ लागलेली असली तरी काठ धरायचा.

जूनच्या शेवटी किंवा जुलैत पुणे बाजूला पाऊस लागला की काठावर गप्पांचा विषय बदलतो, मासा किती मिळाला हे कुणी विचारत नाही, "दौंडला किती?" एवढंच विचारतात. दौंडजवळून उजनीत किती क्युसेक पाणी येतंय तो आकडा. लाल गढूळ पाणी आलं की बांध, विहिरी, ओढ्यांची तोंडं आठवड्याभरात परत खाली. तात्यांची विहीर पहिल्याच लोंढ्यात जाते. यंदा जायच्या आधी मी तिची जागा मोबाईलवर पिन करून ठेवलीय, ते बघून तात्या म्हणाले, "आमच्या रानाचा सातबारा आता तुमच्या मोबाईलात का?" आणि मग चष्मा लावून बराच वेळ स्क्रीन बघून सांगितलं की पिन चुकलीय, विहीर अजून चार बांध वर आहे.