मुलामा नको, फट बघा

रविवार

जुना सेफ्टी रेझर हातात आला की नजर आधी मुलाम्यावर जाते. सोनेरी आहे का, निकेल कुठे उडालंय का, पेटीतलं मखमल शाबूत आहे का. कपाटात मांडून ठेवायचा असेल तर एवढं पुरे. दाढी करायची असेल तर ब्लेडची धार आणि तिच्याखालची दातेरी पट्टी, म्हणजे फणी, यांच्यातली फट बघायची. ती दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असेल तर पितळ उघडं पडलेला रेझरही गालावरून अलगद फिरतो. नसेल तर चकचकीत नमुना एका अंगाने गाल सोलतो आणि दुसऱ्या अंगाने खुंट तसेच ठेवतो.

जिलेटचे पहिले रेझर १९०३ मध्ये बाजारात आले. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पेटंट १९०४चं. रचना तीन तुकड्यांची: टोपी, फणी आणि मूठ. ब्लेडची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर, त्यामुळे त्याला स्वतःची अशी ताकद नाही. मूठ आवळली की टोपी त्याला फणीवर दाबून वाकवते आणि त्या बाकामुळेच धार ताठ राहते. म्हणूनच टोपीचे चार कोपरे फार महत्त्वाचे. साबणाच्या हातातून रेझर निसटला की बहुधा कोपऱ्यावरच आपटतो. कोपरा जरासा जरी मुडपला तरी तिथे ब्लेड नीट दबत नाही, धार थरथरते आणि केस कापला न जाता ओढला जातो. १९३०मध्ये जिलेटने साचा बदलला तेव्हा ब्लेडचे कोपरेच कापून टाकले. आजच्या ब्लेडच्या चारही टोकांना जी खाच दिसते ती तिथली. आणि गंमत म्हणजे हेच ब्लेड १९०३च्या साच्यातही, म्हणजे ब्लेडच्या भोकांत शिरणाऱ्या तीन खुंट्यांच्या साच्यातही, बसतं.

मंगळवार

तपासणीचा क्रम. सुट्टी फणी डोळ्यांच्या रेषेत धरून उजेडाकडे बघायची. दातांची टोकं एका ओळीत दिसली पाहिजेत. बाहेरचा एखादा दात आत किंवा वर वळलेला असतो. तो सरळ करायचा तर लाकडी पट्टीने, थोडा थोडा दाब देऊन, आणि एकदाच. पितळ पुढे-मागे वाकवलं की कडक होतं आणि पुढच्या खेपेला दात तुटून हातात येतो. पक्कड तर लांबच ठेवावी, मुलाम्यावर तिचे ओरखडे कायमचे राहतात.

मग मूठ. जुन्या पोकळ मुठींच्या गळ्याशी, आटे सुरू होतात तिथे, केसासारखी चीर असते. पितळी नळीत बनवतानाचा ताण शिल्लक राहिलेला असतो, त्यात वर्षानुवर्षं जोराने आवळण्याची भर. गळ्याभोवती नख फिरवलं की अडकतं. अशी मूठ आवळताना चीर उघडते, पकड सैल पडते आणि ब्लेड सरकतं. दुसरी मूठ लावता येते, पण सगळ्या रेझरचे आटे सारखे नसतात. दोन बोटांनी सहज फिरत नसेल तर तिथेच थांबावं.

शेवटी नवं ब्लेड घालून रेझर समोरून बघायचा. एका बाजूची धार जास्त बाहेर दिसली तर मूठ सैल करून, ब्लेडची बोथट टोकं चिमटीत धरून मध्यावर आणायचं आणि पुन्हा आवळायचं. पुष्कळदा रेझर नाहक बदनाम होतो, दोष निव्वळ तिरक्या बसलेल्या ब्लेडचा असतो.

बुधवार

मूठ फिरवली की टोपीची दोन दारं उघडतात ते रेझर वेगळ्या जातीचे. यांत दोष बहुतेक वेळा आतल्या दांड्यावर सुकलेल्या साबणाचा आणि क्षाराचा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास बुडवायचं, जुन्या टूथब्रशने सांधे घासायचे, पुसायचं, आणि कोरडं झाल्यावर सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब. गुंडी अडली तरी पक्कड लावायची नाही, पुन्हा भिजत घालायचं. दारं मिटल्यावर दोन्हींची उंची सारखी हवी.

उकळतं पाणी आणि व्हिनेगर दोन्ही टाळावं. पहिल्याने सोनेरी मुलाम्यावरचं लाखेचं अस्तर सुटतं, दुसऱ्याने निकेल मंद पडतं. सोनेरी रेझरला पॉलिश लावणं म्हणजे सोनंच पुसून काढणं. दुसऱ्याने वापरलेला रेझर आधी धुऊन मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवला की पुरतं.

वय ओळखण्याचा भाग मजेचा आहे. १९५१पासून अमेरिकी जिलेटच्या डोक्याखाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ए म्हणजे १९५५, ई म्हणजे १९५९. ई-४ दिसलं की १९५९ची शेवटची तिमाही. १९४७ ते १९५०च्या सुपर-स्पीड या जिलेटच्याच रेझरवर असं काही नसतं, म्हणून खूण नाही म्हणजे नक्कल, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

शुक्रवार

जिलेटच्या फॅटबॉय म्हणतात त्या जाड मुठीच्या रेझरवर १ ते ९ आकडे असतात. आकडा वाढला की फट वाढते. आकडा बदलण्याआधी मूठ थोडी सैल करायची, मग कडं फिरवायचं, मग आवळायचं. आवळलेल्या स्थितीत कडं रेटलं की आतली यंत्रणा झिजते. सुरुवात ३ किंवा ४ वर करावी; ९ हा नुसता आकडा आहे म्हणून आहे, असं माझं मत. पहिल्या तीन तुकडी साच्यातही हीच सोय लपलेली आहे: मूठ पाव फेरा सैल केली की ब्लेडचा बाक कमी होतो, फट वाढते, धार चढते. अर्ध्या फेऱ्यापलीकडे जाऊ नये, ब्लेड डुगडुगतं.

हात कसा ठेवायचा? टोपी गालाला टेकवायची, मूठ आडवी, आणि धार टेकेपर्यंत हळूहळू खाली आणायची. मूठ आणि गाल यांत साधारण ३० अंशांचा कोन होतो. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, आणि दाब शून्य. जुन्या पितळी डोक्याचं वजन पुरेसं आहे. पहिला हात सुलटा, म्हणजे केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, मग आडवा. उलटा हात हनुवटीखाली मारण्याचा मोह बहुतेक जखमांचं मूळ.

जेम या एकाच बाजूला धार असलेल्या ब्लेडच्या रेझरला हे गणित लागू नाही. त्याचं डोकं गालावर जवळजवळ सपाट ठेवायचं असतं. ब्लेडही जाड कण्याचंच, म्हणजे पाठीवर जाड पट्टी असलेलंच, हवं. कण्याशिवायचं पातळ ब्लेड आत धरलं जात नाही आणि पहिल्याच हाताला तिरकं होतं.

दाढी झाली की ब्लेड काढून, तिन्ही तुकडे धुऊन, पाणी झटकून सुटे वाळवायचे. ओलं ब्लेड आत राहिलं तर गंजाचा डाग फणीवर उमटतो, आणि तो घासून काढताना मुलामाही निघतो.