पाचवा पर्सेंटाइल म्हणजे बाळाची वाढ कमी आहे का?

सोनोग्राफीच्या अहवालातल्या एका आकड्यावर बोट ठेवून मला वारंवार विचारले जाते, "डॉक्टर, इथे पाचवा पर्सेंटाइल लिहिले आहे, आमच्या बाळाची वाढ कमी आहे का?" विचारणाऱ्या बाईने आदली रात्र जागून काढलेली असते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला घाईत द्यायचे नसते.

पाचवा पर्सेंटाइल म्हणजे तितक्याच आठवड्यांची शंभर बाळे वजनाच्या क्रमाने उभी केली, तर तुमचे बाळ खालून पाचवे. दहाव्याच्या खाली असलेल्या बाळाला आम्ही 'वयाच्या मानाने लहान' म्हणतो. पण शंभरांच्या रांगेत खालची दहा बाळे कायमच असणार, आणि त्यांतली बरीचशी आईवडिलांच्या बांध्याप्रमाणे मुळातच लहान चणीची, पूर्ण निरोगी असतात. मला शोधायचे असते ते वेगळेच बाळ, ज्याला वारेतून पुरेसे पोषण मिळत नाही आणि म्हणून ज्याची वाढ खुंटते आहे. रांगेतली जागा पाहून या दोघांत फरक करता येत नाही.

वजन आम्ही मोजत नाही, त्याचा अंदाज बांधतो. डोक्याचा घेर, डोक्याची रुंदी, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे सूत्रात घातली की ग्रॅममधला आकडा येतो. यांत सर्वांत बोलके माप पोटाचे, कारण पोषण कमी पडले की बाळ मेंदूचा रक्तपुरवठा राखते आणि यकृतातला साखरेचा साठा आधी घटतो. तेच माप घ्यायला सर्वांत अवघड. जठराचा काळा ठिपका आणि यकृतात वळणारी नाळेची शीर एकाच छेदात दिसायला हवी, पोट गोल दिसायला हवे; बाळ पाठ वळवते, कुशीला दाबले जाते, आणि पडद्यावरची लंबवर्तुळाची रेघ काही मिलिमीटर आत-बाहेर झाली तरी वजन बदलते. चांगल्या हातांतही हा अंदाज दहा टक्के चुकू शकतो.

आता आठवड्यांचे पाहा. हॅडलॉक या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९१ च्या गर्भवजनाच्या तक्त्यात दहाव्या पर्सेंटाइलची रेषा ३२ आठवड्यांना साधारण १६२० ग्रॅमवर आणि ३३ आठवड्यांना १७९० च्या आसपास आहे. म्हणजे १७०० ग्रॅमचे बाळ ३२ आठवड्यांचे धरले तर रेषेच्या वर, ३३ चे धरले तर खाली. पाळीची तारीख एका आठवड्याने चुकली, तर निरोगी बाळावर शिक्का बसतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाच्या लांबीवरून ठरलेली तारीख मी प्रमाण मानते.

तक्ताही एकच नाही. हॅडलॉक यांचा तक्ता अमेरिकेतल्या एका केंद्रातल्या गर्भवतींवरून बेतलेला आहे. २०१४ साली इंटरग्रोथ-२१ प्रकल्पाने आठ देशांतल्या निरोगी, सुपोषित मातांची बाळे मोजली. वाढ प्रत्यक्षात कशी होते यापेक्षा अनुकूल परिस्थितीत कशी व्हावी, हे त्यांना दाखवायचे होते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतल्या मोजणीतून आपले तक्ते दिले आणि देशांदेशांत फरक दिसतात हेही नोंदवले. त्यामुळे तेच बाळ एका तक्त्यात लहान, तर दुसऱ्यात ठीक ठरू शकते. माझे मत स्पष्ट आहे: कोणता तक्ता वापरला हे अहवालात लिहिलेच पाहिजे, आणि एका गर्भारपणात तक्ता बदलू नये.

मला खरी काळजी वाटते ती उताराची. एका बाईचे बाळ पहिल्या मोजणीत सत्तराव्या पर्सेंटाइलवर होते, पुढच्या मोजणीत पंधराव्यावर आले. तक्त्याप्रमाणे ते लहान नव्हतेच, घरचे निर्धास्त होते. पण डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह तपासणाऱ्या सोनोग्राफीत, बाळाच्या मेंदूकडे रक्त वळवले जात असल्याचे दिसले आणि तिला त्याच दिवशी दाखल करावे लागले. उलट, नवव्या पर्सेंटाइलवर सुरू होऊन शेवटपर्यंत नवव्यावरच राहिलेली, डॉपलर स्वच्छ असलेली बाळेही मी पाहिली आहेत. त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचे होते. तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खालच्या बाळाकडे मात्र डॉपलर ठीक असला तरी मी गंभीरपणेच पाहते.

वाढ तपासायला दोन मोजण्यांत किमान दोन आठवडे हवेत, नाहीतर मोजणीतली चूकच वाढ किंवा घट भासते. डॉपलर त्याआधीही करता येतो. बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच या. आणि आपण कमी खाल्ले म्हणून असे झाले, असे स्वतःला लावून घेऊ नका. पुष्कळदा दोष वारेतल्या रक्तवाहिन्यांत असतो, आणि तो नुसते पडून राहिल्याने सुधारत नाही.

येताना फक्त ताजा अहवाल आणू नका. पहिल्या सोनोग्राफीपासूनचे सगळे कागद आणा, कारण पाचव्या पर्सेंटाइलचा अर्थ मी त्या आधीच्या मापांशेजारी ठेवूनच लावू शकते.